धर्माच्या ढिगावर बी.ए.

रिटायर झालेल्या मास्तराला लिहायला बसवणं सोपं, उठवणं कठीण. या दिवाळीच्या अंकासाठी संपादकांचं बोलावणं आलं तेव्हा आमच्या घरातून पहिला प्रश्न आला तो असा : "पानं किती देणार आहेत ते आधी विचारून घ्या, नाहीतर त्यांचा अंक होळीला निघायचा." तेव्हा मी कधी लागलो, कुणी बढती दिली, कोणत्या साहेबाने पाठ थोपटली, हे सगळं वगळतो. पाठ थोपटणारे गेले आणि पाठही आता वाकली. मला सांगायचं आहे ते माझ्या नोकरीतल्या एका जादा कामाबद्दल. त्याचा पगार कधी मिळाला नाही, आणि अभिमान मात्र त्याचाच वाटतो.

अकोल्याचं हायस्कूल तेव्हा नवं होतं. मी तिथे गणित शिकवायचो. मॅट्रिक पास झालेल्या पोराला कॉलेजात पोचवायचं आणि तिथे टिकवायचं, हे काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात बांधलं. वऱ्हाडात कॉलेज नव्हतं. शिकायचं तर मुंबई नाहीतर पुणं. आजच्या वाचकाला वाटेल, यात काय मोठंसं? अहो, पोराला तिथे खायला कोण घालणार?

मदतीचे प्रकार होते, नाही असं नाही. सरकारी शिष्यवृत्ती होती, ती परीक्षेत वर आलेल्याला. नादारी होती, म्हणजे गरिबाला फी माफ. तिला तहसीलदाराचा दाखला लागे, आणि तहसीलदार गरिबी ओळखायचा ती अंगावरच्या कपड्यांवरून, त्यामुळे पोरं धाकट्या भावाचा सदरा घालून त्याच्यासमोर उभी राहत. तिसरा प्रकार वार लावण्याचा : सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. आमच्या एका विद्यार्थ्याला शनिवार मिळाला तो मारुतीचा कडक उपास करणाऱ्या घरी. बिचाऱ्याला न मागता पुण्य लागलं! आणि शेवटचा प्रकार म्हणजे दाता. दाता देतो, पण देताना त्याचं ऐकून घ्यावं लागतं. माझी अर्धी नोकरी ऐकून घेण्यात गेली.

त्या वर्षांत वऱ्हाडात पैशाचा नुसता पूर आला होता. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडकला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे आ करून बघू लागल्या. ज्याच्याकडे चार बिघे कपाशी, तो रुबाबात. बाळापूरकडचे एक पाटील पोराच्या नादारीसाठी आले. दमणीतून उतरले, बघतो तर बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या! मी म्हणालो, "पाटील, बैलाच्या शिंगाला चांदी आणि पोराला नादारी? लोक काय म्हणतील?"

पाटील जरासुद्धा बावरले नाहीत. म्हणाले, "मास्तर, चांदी बैलाची हाये जी. पोट्ट्याजवळ काय हाये? काईच नाई."

मी त्यांना हाकलून दिलं. माझा स्वभाव तापट, तेव्हा तर फारच. पण त्यांचं उत्तर मी पुढे कितीतरी ठिकाणी सांगून टाळ्या घेतल्या, हेही खरं.

अमरावतीचा एक अडत्या होता. त्याला मदत करायची फार हौस, पण रोख पैसा हातातून सुटत नसे. त्याने कॉलेजला निघालेल्या पोरांसाठी 'प्रवासाची सोय' जाहीर केली. सोय म्हणजे काय, तर रेल्वे अजून लांब होती, तिथपर्यंत त्याच्या कापसाच्या गाड्या जात. पोराने बोज्यांवर बसून फुकट जावं आणि वाटेत गाडीवान पेंगला तर त्याला हाका मारून जागं ठेवावं. मी म्हटलं, शेठ, हा तुमचा पहारेकरी झाला, विद्यार्थी कसला! तर म्हणे, "मास्तर, मुफ्त में कौन ले जाते हल्ली?" तरी आमची पोरं तशी गेली. केसांत कापूस घेऊन मुंबईला उतरायची, आणि तिथली मुलं हसायची. हसू देत. त्याच कापसावर त्यांची मुंबई उभी राहत होती.

आता जानरावाची गोष्ट सांगतो.

जानराव कुणब्याचा पोरगा. बाप लहानपणीच गेलेला. आई गिरजाबाई कापूसबाजाराच्या मागच्या आवारात रेचा फिरवायची. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं हातयंत्र : दोन लाकडी रुळांमधून कापूस ओढायचा, रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. दिवसभर दांडा फिरवायचा. गिरजाबाईचा उजवा दंड पैलवानासारखा झाला होता. पोरगा मात्र काडीपैलवान, पण डोकं असं की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळायच्या आत त्याचं उत्तर तयार. मॅट्रिकला तो असा वर आला की शिष्यवृत्ती त्याच्या मागे धावत आली.

पण ती पुरेना. शिष्यवृत्तीचा आकडा स्वस्ताईत ठरलेला आणि मुंबईचा खर्च कापसाच्या महागाईतला. फी आणि पुस्तकं भागत होती, पोट राहत होतं. वार लावावेत म्हणून मी मुंबईच्या ओळखीच्या मंडळींना विचारलं. "मुलगा कोणाचा?" मी सांगितलं. मग कुणाकडे सोवळं अडचणीचं निघालं, कुणाची जागा लहान निघाली. माझ्याच जातीची माणसं ही. हुशारीला वाव द्यावा यावर सभेत भाषणं करणारी! मला इतका संताप आला की महिनाभर मी कुणाशी धड बोललो नाही.

गिरजाबाई शाळेत आली. दाराबाहेरच उभी राहून म्हणाली, "मास्तर, पोराले तिकडं जेवाले कोनी देत नसन तं राहू द्या. इथं हमाली करन, पन उपाशी नाई मरनार."

"हमाली करायला त्याला मी भूमिती शिकवली का?" मी तिच्यावरच ओरडलो. ती आली तशी निघून गेली. आणि मी पगडी चढवून थेट कापूसबाजारात गेलो.

अकोल्याच्या बाजारात एक रीत होती. गाडी वजनाला लागली की विकणाऱ्याने एक ओंजळ आणि घेणाऱ्याने एक ओंजळ कापूस बाजूच्या ढिगात टाकायचा. त्याला धर्माचा ढीग म्हणत. ढीग साचला की बाजाराचे पंच तो विकत, आणि त्यातून पाणपोई, धर्मशाळेची डागडुजी आणि धर्माच्या गाईंची वैरण चाले. पंचांचे पुढारी रामसुखशेठ, मोठे अडत्ये. आणि ढिगाचा कारभार त्यांच्या चुनीलाल मुनिमाकडे. हा गृहस्थ देवाला फूल वाहतानाही पाकळ्या मोजत असेल.

मी म्हणालो, धर्माच्या ढिगातून जानरावाचं जेवण द्या.

मुनीम उडालाच. "मास्तरजी, हा धर्म आहे! एका पोट्ट्याच्या पेटात घालायला नाही."

"धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूला शिधा देता ना? मग समजा, हा तुमच्या धर्मशाळेत उतरलाय."

"वाटसरू तीन दिवस राहते. हे पोट्टं चार वरस राहणार!"

सगळे पंच खो खो हसले. मीही हसलो, नाइलाज होता. पण रामसुखशेठ हसता हसता थांबले आणि म्हणाले, "चुनीलाल, रस्ता लंबा असन तं वाटसरू जास्त राहतेच. मास्तरजी, रुपये नाही बांधणार आपण. ढिगाचा एक हिस्सा पोराचा. आमच्या गाड्यांसंगं मुंबईले जाईल, आमची पेढी विकेल, पैसा त्याले देईल. कापूस चढला की पोरगाबी चढला!"

याहून शहाणपणाची गोष्ट मी तरी ऐकली नव्हती. महागाई कापसाने आणली, तर मदतही कापसातच बांधलेली बरी. मी हेडमास्तरांना फुशारकीने सांगितलं, हेडमास्तरांनी शाळाखात्याच्या साहेबाला सांगितलं. साहेब "वंडरफुल" म्हणाला. कापूस उतरेल असं साहेबाला, शेठजींना, मुनिमाला, मला, कुण्णालाच वाटलं नाही. चढत्या बाजारात माणसाला उतार दिसतच नाही.

दीड-दोन वर्षं जानराव झकास राहिला. सुट्टीत आला तो अंगाने भरलेला. गिरजाबाईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "मास्तर, पोट्टं वयखू येत नाई बाप्पा." तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

मग लढाई संपली. लढाई संपली म्हणजे जगात आनंद व्हायला हवा. आमच्या बाजारात मात्र सुतक पडलं. भाव असा कोसळला की सकाळी घेतलेला माल संध्याकाळी विकायची लाज वाटावी. मुंबईत मोठमोठ्या पेढ्या बसल्या. रामसुखशेठ तगले, पण निम्मे झाले. आणि ज्या हिश्श्यावर जानराव महिना काढत होता, त्यात आता आठवडाही निघेना.

शेठजींचा मुंबईचा माणूस अकोल्याला आला. त्याने सांगितलं, "तुमचं पोरगं एक वेळ जेवतं. दुसऱ्या वेळी चणे खातं. मागत काही नाही." बी.ए.ची परीक्षा अजून दीड-दोन वर्षं लांब होती. मी पुन्हा बाजारात गेलो, हिस्सा वाढवा म्हणायला. तर तिथे वेगळीच तयारी चाललेली. पंच बसले होते आणि हिस्सा बंदच करायचा ठराव होता.

"ढीग केवढासा येते आता?" चुनीलाल म्हणाला. "गाईले पुरत नाही. गाईच्या तोंडचा घास काढून पोट्ट्याले द्यायचा? पाप लागेल मास्तरजी. बोलवा त्याले परत."

परत! ताट वाढलं, पोरगा बसला, आणि आता म्हणे ऊठ. रामसुखशेठ खाली मान घालून बसले होते. ज्याचं स्वतःचंच बुडालंय त्याला काय बोलणार? आवारात बाया रेचे फिरवत होत्या आणि गिरजाबाईला सगळं ऐकू जात होतं. तिने मान वर केली नाही, दांडा तेवढा जोरात फिरू लागला.

रागाने मी उठलो आणि मागच्या बाजूला गेलो. तिथे धर्माच्या गाई बांधलेल्या. एक पांढरी गाय टोपलीत तोंड घालून आरामात रवंथ करत होती. गाईवर कसला राग काढणार? नुसता बघत उभा राहिलो. टोपलीत सरकी होती.

सरकी!

मी तसाच परत फिरलो. "मुनीमजी, गाय काय खाते?"

"सरकी खाते, कडबा खाते. काहून?"

"सरकी कुठून आणता?"

"विकत आणतो. ढीग विकून त्याच पैशाची आणतो."

"ढिगातल्या कापसात काय असतं?"

चुनीलाल उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच शेठजी मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. अहो, आम्ही सगळे मिळून ढीग सरकीसकट विकत होतो आणि तीच सरकी वाण्याकडून दाम देऊन परत आणत होतो! पैशाच्या पुरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाजारात आला तसा कापूस विकायचा, ही चाल, आणि चाल मोडायची कुणी?

"गाय रुई खात नाही," मी म्हणालो. "सरकी गाईची, रुई पोराची. सांगा आता, कुणाच्या तोंडचा घास काढला?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. पण चुनीलाल कसला हार मानतो! "आन् सरकी काढायची मजुरी? रेचेवालीले कोण देईल? ते धर्मातून दिली तं पोट्ट्याले राहिलं काय?"

हिशेब त्याचा बरोबर होता.

मागे रेचे थांबले होते. गिरजाबाई उठली, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि पंचांसमोर जन्मात कधी न बोललेली बाई म्हणाली, "मजुरी नोको आमाले. अमावस्येले बाजार बंद राह्यते. त्या दिशी मी फिरवतो रेचा. एकलीनं होईन तेवढं करन."

"एकलीनं काहून?" मागून सुभद्रेचा आवाज आला. ही रेचेवाल्यांमधली सगळ्यांत तोंडाळ बाई, तिला मुनीमसुद्धा वचकून असे. "आमचे हात काय मोडले? आमीबी येतो. पन मास्तर, शेठजी, आयका. फुकट फिरवतो, पन आमची एक अट हाये."

"बोल बाई," शेठजी म्हणाले.

"गिरजाचं पोट्टं पास झालं की ढीग बंद नाई करायचा. त्याच्या मागून दुसरं पोट्टं धाडायचं. हमालाचं असो, गाडीवानाचं असो, रेचेवालीचं असो. हुशार कोन हाये ते मास्तर सांगन. जात कोनी इचारायची नाई. कबूल असन तं फिरवतो. नसन तं आमी आपल्या घरी झोपतो अमावस्येले!"

बाया हसल्या, पण पंच हसले नाहीत. जात विचारायची नाही हा शब्द त्या आवारात तसा सरळ कुणी उच्चारला नव्हता. एक पंच कुरकुरला, "असं कसं?" रामसुखशेठ त्याच्याकडे वळून म्हणाले, "ढिगात ओंजळ टाकणाऱ्याची जात विचारली का कधी आपण? कबूल."

कॉलेजच्या मुलाला मिळणाऱ्या मदतीचे प्रकार मी नोकरीभर पाहिले. सरकारने दिलेली पाहिली, राजेरजवाड्यांनी दिलेली पाहिली. रेचेवाल्या बायांनी अट घालून दिलेली ही एकच. आणि ती उभी राहताना मी तिथे होतो, माझ्या एका प्रश्नाने गाडी चिखलातून निघाली, याचा मला आजही अभिमान आहे. उगाच विनयाचं सोंग आणत नाही. पुढे माझी बदली अमरावतीला झाली तेव्हा तिथल्या बाजारातही मी ही चाल लावायचा प्रयत्न केला. तिथे पंच कबूल झाले, पण तोवर वाफेवरचे रेचे आले होते. बायांचे हात रिकामे झाले, आणि ढिगाची सरकी काढायला कारखानदार पैसे मागू लागला. अकोल्यातही पुढे तेच झालं. चांगली गोष्ट वाफेने मेली, याचं वाईट वाटतं. पण तोवर तीन पोरं त्या ढिगावर मुंबईला शिकून आली होती.

त्यातला पहिला जानराव. पुढची प्रत्येक अमावस्या त्या बायांनी पाळली. सणाची असो, पावसाची असो, आवारातून रेच्यांचा आवाज यायचाच. जानराव दोन वेळ जेवला आणि बी.ए. झाला. बातमी आली तेव्हा मी वर्ग सोडून बाजारात धावत गेलो. पगडीवाल्या मास्तराने भर रस्त्यातून धावू नये, पण धावलो. चुनीलालने स्वतःच्या खर्चाने पेढे वाटले. ज्यांनी पाहिलं नाही ते हे खोटं म्हणतात.

जानराव अकोल्याला परतला तो दिवस नेमका अमावस्येचा. शेठजींनी दमणी सजवली होती, ताशेवाले बोलावले होते. मिरवणूक बाजारातून काढायची ठरली होती. जानराव कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून आला आणि उतरताच म्हणाला, "मास्तर, आई कुठं हाये?"

आई आवारात होती. रेच्यावर. आम्ही सगळे तिकडे गेलो, शेठजीसुद्धा. जानराव तिच्या पायावर वाकला. तिने एका हाताने त्याचा चेहरा धरला, सगळ्या गालाला रुई लागली, आणि ती हमसून हमसून रडली. सुभद्रा रडली, बाकीच्या बाया रडल्या. माझंही तेच. मग गिरजाबाईने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा दांड्याला हात घातला.

"आई, ऊठ नं वं," जानराव म्हणाला. "बाहेर ताशेवाले उभे हायेत. शेठजी तुले दमणीत बसवनार हायेत."

"बसन नं. पन हमालाचं पोट्टं उद्या सकाळी निघते मुंबईले. त्याची रुई आजच गाडीत पडाले पायजे." तिने ढिगाकडे पाहिलं. "अर्धा ढीग बाकी हाये. तुहं झालं बाबू. आता दुसऱ्याच्यात आडवा नोको येऊ."

बाहेर ताशेवाले एकदा वाजवून थांबले. जानरावाने कोट काढला, माझ्या हातात दिला आणि सुभद्रेच्या शेजारच्या रिकाम्या रेच्यावर बसला. शेठजी तिथल्याच एका बोज्यावर टेकले आणि चुनीलालला म्हणाले, "ताशेवाल्यांले सांग, पान खा, वेळ लागेल."

जानरावाने दांडा फिरवायला सुरुवात केली. बराच वेळ गिरजाबाई त्याच्याकडे न बघता आपलं काम करत राहिली. मग म्हणाली, "बी.ए.नं हात धीमा केला तुहा. लाव जोर."